यशोदाबाईंची रिकामी डिस्क

डिस्क रिकामी आहे, असं मशीन म्हणत होतं. डिस्क भरलेली आहे, असं उरकुडे साहेब म्हणत होते. दोघंही हट्टाला पेटलेले, आणि दोघांच्या मध्ये पेचकस घेऊन मी.

“अन्वरभाई, म्या सोता रेकॉर्ड केलं. मीटर हालत होतं. नंतर थोडं लावून ऐकलं पण.”

“साहेब, इथी तर ‘ब्लँक डिस्क’ लिहून येऊन राह्यलं.”

“मग ते खोटं आहे.”

उरकुडे साहेब आयुष्यभर वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मीटर वाचत आलेले. मीटरवर त्यांचा गाढ विश्वास होता. फक्त तो आपल्या बाजूनं बोलणाऱ्या मीटरवर होता. मोठ्या पदावरच्या माणसांत हे मी नेहमी पाहिलं आहे.

चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आतल्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही, टेप, अँप्लिफायर, लग्नाच्या बँडचे भोंगे, जे येईल ते. त्या काळात कॅसेट मरायला टेकली होती, सीडी तरुण होती आणि पानठेल्यावर एकाच सीडीत दीडशे गाणी मावू लागली होती. अशा वेळी उरकुडे साहेब मिनीडिस्कवाले होते. साऱ्या जिल्ह्यात दुसरा मिनीडिस्कवाला मला तरी माहीत नाही.

मिनीडिस्क म्हणजे तळहातात मावणारी चौकोनी डबी. आत छोटीशी चकती. दिसायला फ्लॉपीची धाकटी बहीण. आवाज सीडीसारखा डिजिटल, पण कॅसेटसारखं घरच्या घरी रेकॉर्ड करता येतं, पुसता येतं, पुन्हा भरता येतं. त्यांच्या मुलानं परदेशातून डेक आणून दिला, त्यासोबत कोऱ्या डिस्कांचा एक डबा. मुलगा स्वतः पुढं कॉम्प्युटरवर गाणी ऐकू लागला. बाप मात्र तिथंच राहिला.

“साहेब, आता सीडीवर घेऊन टाका सगळं,” मी दर वेळी म्हणायचो.

“सीडीवर ओरखडा पडते. ही डबीत राहते. अन् आवाज ऐका तुमी!”

आवाज मी ऐकला होता. रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत श्रवणाचा कार्यक्रम चाले. पाहुण्यांनी सोफ्याच्या बरोबर मध्यावर बसायचं, चहाचा कप वाजवायचा नाही. एकदा नागपूरचे एक जाणकार आले होते. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, “आवाजाला खोली आहे.” खोली बारा बाय दहाची होती, तेवढं मला डोळे उघडे ठेवूनही दिसत होतं. सीडी आणि मिनीडिस्क यांतला फरक मला कधीच कळला नाही. मी मान हलवायचो. गिऱ्हाईक आहे, आणि चहा चांगला असायचा.

पण या वेळी प्रश्न आवाजाच्या खोलीचा नव्हता. त्या डिस्कवर त्यांची थोरली बहीण होती.

यशोदाबाई कुरखेड्याकडची. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणा म्हणजे लावणी करताना बायका ओळीनं वाकून गाणी म्हणतात. एक सांगते, बाकीच्या उचलतात. यशोदाबाई सांगणारी होती. जन्मभर तिनं सांगितलं आणि गावानं उचललं. मग तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, गाठ जाईल, आवाजाचं सांगता येत नाही. म्हणून उरकुडे साहेबांनी तिला आधी आपल्या घरी आणलं, माईकसमोर बसवलं आणि आठवतील तितकी गाणी म्हणवून घेतली. दोन गाणी उरली. ती उद्या म्हणू, असं ठरलं. पण दवाखान्यातून खाट रिकामी झाल्याचा फोन आला आणि सगळे पहाटेच निघाले.

गाठ गेली. आवाजही गेला. उरली ती घोगरी कुजबुज. बाई बरी होऊन परत भावाकडे आली, भावानं मोठ्या हौशीनं डेक लावला, आणि डेकवर अक्षरं उमटली: ब्लँक डिस्क.

आता मी काय केलं ते क्रमानं सांगतो. क्रमानं सांगितलं की आपण गोंधळलो नव्हतो असं वाटतं.

आधी त्यांच्या जुन्या डिस्का लावल्या. सगळ्या वाजल्या. मग कोरी डिस्क घेऊन त्यावर माझ्या दुकानातला रेडिओ भरला, डिस्क काढली, पुन्हा घातली. वाजली. म्हणजे मशीन वाचतं आणि लिहितंही. मिनीडिस्क लिहिताना खालून लेझर चकती तापवतो आणि वरून छोटं चुंबक त्यावर खूण करतं. दोन्ही ठीक होती. मी लेन्स पुसली. चंद्रपुरात कुठलीही वस्तू उघडली की आधी कोळशाची भुकटी निघते, ती काढून टाकली की तंत्रज्ञाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

“डिस्क बदलली तर नाई ना, साहेब?”

“त्यावर म्या लाल खूण केली आहे. हीच ती. आधी यात माह्या रिटायरमेंटच्या फंक्शनची भाषणं होती. महिनाभर आधी पुसून ठेवली होती, बाईसाठी.”

“सारी भाषणं?”

“चीफ इंजिनियरचं पण,” ते म्हणाले. त्याग लहान नव्हता हे मला कळावं, असा स्वर होता.

लावून ऐकलं, हे त्यांचं म्हणणं मी मनातल्या मनात खोडून टाकलं होतं. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं तेच ते ऐकतं. मी डेक परत दिला आणि घरी कोऱ्या डिस्कवर एक चाचणी करून बघा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभे.

“संध्याकाळी हॅलो टेस्टिंग बोललो. लावून ऐकलं. बाईनं पण ऐकलं. सकाळी पाहतो तर ब्लँक!”

मी तोच डेक, तीच डिस्क घेतली. रेकॉर्ड केलं, डिस्क काढली, घातली. वाजली. ते घरी घेऊन गेले. संध्याकाळी वाजली, सकाळी रिकामी. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा ठीक. पेशंट डॉक्टरसमोर खोकत नाही, तसं चाललं होतं.

मग मी सिद्धांत मांडू लागलो. माणूस गोंधळला की त्याचे सिद्धांत मोठे होत जातात. व्होल्टेज कमी असेल म्हणून स्टॅबिलायझर दिला. काही नाही. अर्थिंग नीट नसेल म्हणून वायरमन पाठवला. काही नाही. शेवटी मी विचारलं की डेकजवळ मोठं चुंबक तर नाही ना, रात्रीतून पुसणारं? साहेबांनी स्पीकर दोन हात लांब सरकवले. श्रवणाचा मध्यबिंदू बदलला म्हणून सोफाही सरकवला. डिस्क सकाळी रिकामीच.

“दुरुस्त होते का नाई, ते सांगा फक्त,” ते म्हणाले. आवाज कंट्रोल रूमचा नव्हता. “बाई काई बोलत नाई. पण रोज माह्याकडे पाहते.”

मी म्हणालो, “घरी येतो.”

संध्याकाळी गेलो. यशोदाबाई खाटेवर पाय घेऊन बसलेली, गळ्याला पांढरा रुमाल. मी नमस्कार केला तर हातानं जवळ बोलावलं. तिचं ऐकायला वाकावं लागायचं.

“तूच का गा भाऊ, मशीनचा डॉक्टर?”

“हो बाई.”

“माह्या डॉक्टरनं गाठ काढली, गानं घालवलं. तू काय काय घालवतं ते पाहतो आता.” आणि बाई निःशब्द हसली. खांदे तेवढे हलले.

“साहेब,” मी म्हणालो, “मी नाई असं समजा. रोज करता तसंच सगळं करा.”

त्यांनी चाचणीची डिस्क घातली. माईक बहिणीपुढं धरला. “बोल बाई काई.”

“काय बोलू? काऊन छळून राह्यला मले?” ती कुजबुजली. मीटर हललं.

स्टॉप दाबलं. लावून ऐकवलं. काऊन छळून राह्यला मले, असं डेकनं स्वच्छ सांगितलं. इथपर्यंत मीही हेच केलं असतं. आता मी डिस्क बाहेर काढली असती. ते मात्र उठले. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं. मग प्लग उपसला. मग प्लगची वायर गुंडाळून खिळ्याला अडकवली, आणि हात झटकून माझ्याकडे वळले. देवपूजा आटोपल्यासारखा चेहरा.

त्यांचा हात बोर्डाकडे जायच्या आधी, डेकच्या काचेत कोपऱ्यात तीन बारीक अक्षरं लाल पेटलेली मी पाहिली होती: टीओसी. बोर्डाचं बटण बंद झालं तशी ती विझली.

“साहेब, हे काय केलं?”

“आयसोलेट केलं.”

“रोज असंच करता?”

“मग? स्टॉप म्हणजे बंद नाई, अन्वरभाई. बटण बंद म्हणजे पण बंद नाई. सप्लायपासून तोडलं, डोळ्यानं तुटलेलं दिसलं, म्हणजे बंद. हे म्या किती पोरांले शिकवलं! त्या नियमानं माणसं जिवंत राह्यली.”

ते खरं होतं. मोठ्या मोटारीवर हात घालण्याआधी तिचा पुरवठा तोडायचा, तुटलेला दिसेल असा तोडायचा, लाल पाटी लावायची. तिथं हा नियम न पाळणारा माणूस घरी परत येत नाही. ती सवय ते निवृत्तीनंतर घरी घेऊन आले होते. मिक्सर, इस्त्री, डेक, सगळं आयसोलेट.

“पूर्वीच्या रेकॉर्डिंगच्या वेळी डिस्क बाहेर काढायचे का तुमी, आधी?”

“हो. त्यावर नाव लिहायचं राहते ना. बाईच्या येळेस नाई काढली. दोन गाणी बाकी होती.”

मी खुर्चीवर बसलो. टीओसी म्हणजे टेबल ऑफ कंटेंट्स, अनुक्रमणिका. मिनीडिस्कवर गाणं एका जागी लिहिलं जातं आणि ते कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद दुसऱ्या जागी. नोंद मशीन लगेच करत नाही. आधी आपल्या डोक्यात ठेवतं, आणि डिस्क बाहेर काढताना किंवा त्याचं स्वतःचं बटण दाबून झोपवताना चकतीवर उतरवतं. त्याआधी वीज तोडली तर डोक्यातलं पुसलं जातं. मी दर वेळी डिस्क काढत होतो, म्हणून माझ्याकडे बिघाड होत नव्हता.

साहेबांना मी त्यांच्या गावच्या भाषेत सांगितलं. “शेत आहे. धान उभं आहे. सातबाऱ्यावर नोंद नाई. तहसीलीत विचारलं तर ते म्हणतील, पडीक आहे.”

त्यांनी खिळ्यावरच्या वायरकडे बघितलं.

“म्हणजे म्या पुसलं.”

“पुसलं नाई साहेब. धान उभंच आहे.”

“काढता येते?”

“माहीत नाई,” मी म्हणालो. तेवढंच खरं होतं.

यशोदाबाईनं मला वाकायला लावलं. “नाई निघालं तं त्याले रागावू नोको,” ती म्हणाली. “लहानपनापासून दारं लावत फिरते तो.”

पुढचे काही दिवस मी सायबर कॅफेत बसलो. जगात मिनीडिस्कवाले अजून होते, एकमेकांना मोठी पत्रं लिहीत होते आणि कंपन्यांना शिव्या देत होते. हे ऐकून साहेबांची छाती रुंद झाली. मला त्या पत्रांतली वाक्यं ओळखीची वाटली. प्रत्येकाच्या घरी सोफ्याचा एक मध्यबिंदू असावा. पण त्यांच्याकडे उपाय होता.

उपाय असा. एक दुसरी डिस्क घ्यायची, जिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सलग रेकॉर्डिंग आहे. ती मशीनमध्ये घालायची. मशीन तिची नोंद डोक्यात घेतं: सगळं शेत भरलेलं. मग तिच्या नावात एक अक्षर बदलायचं, म्हणजे नवी नोंद लिहायची बाकी आहे असं मशीनला वाटतं आणि टीओसी पेटतं. आता वीज चालू असताना, मशीनचं झाकण उघडून, गिअर हातानं फिरवून, ती डिस्क काढायची आणि रिकामी म्हणवणारी आत ठेवायची. मशीनला पत्ता लागू द्यायचा नाही. मग बाहेर काढायचं बटण दाबायचं. मशीन भरलेल्या शेताची नोंद बाईच्या डिस्कवर लिहून मोकळं होतं. अंतरपाटाआड नवरी बदलायची आणि भटजींना कळू द्यायचं नाही, तसलं काम.

धोके दोन. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर उभं धान खरंच नांगरलं जाणार. आणि मध्येच वीज गेली तर नोंद अर्धवट लिहिली जाऊन डिस्क कायमची बिघडायची भीती. त्या दिवसांत आमच्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नव्हतं. माझ्या दुकानाच्या गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. आम्ही मेणबत्ती लावून त्या पाहायचो.

“ऊर्जानगरले जाऊ,” साहेब म्हणाले. “ठमकेच्या क्वार्टरमंदी. तिथं वीज सहसा जात नाई.”

ऊर्जानगर म्हणजे वीज केंद्राची वसाहत, आणि ठमके म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला इंजिनियर. रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर डेक मांडीवर घेऊन साहेब मागे बसले. यशोदाबाई तिच्या एका भाच्याच्या ऑटोनं आली. येऊ नका म्हटलं होतं. “माह्यं गानं आहे,” ती म्हणाली.

ठमकेच्या जेवणाच्या टेबलावर मी डेक उघडला. साहेबांनी पिशवीतून एक लाल पाटी काढली आणि घराच्या मेन स्विचला टांगली. काम चालू आहे, हात लावू नये. पाटी त्यांनी घरी आणली कशी, हे ठमकेनं विचारलं नाही. मग दुसरी छोटी पाटी, पुठ्ठ्याची, घरी केलेली, रेकॉर्डच्या बटणावर चिकटपट्टीनं लावली.

“वहिनी, मिक्सर लावू नका,” साहेबांनी ठमकेच्या बायकोला बजावलं.

“अन् चटणी?”

“पाट्यावर वाटा,” ठमके म्हणाला. साहेबांपुढं तो अजून ट्रेनीच होता.

आधी मी ‘हॅलो टेस्टिंग’वाल्या डिस्कवर हात बसवला. पहिल्यांदा मशीनच्या लक्षात आलं आणि त्यानं डिस्क ओढून घेतली. दुसऱ्यांदा जमलं. मी रुमालानं हात पुसले आणि लाल खुणेची डिस्क मागितली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी दिली.

भरलेली डिस्क आत. अक्षर बदललं. टीओसी पेटलं. गिअर फिरवला, डिस्क वर आली, काढली. लाल खूण आत ठेवली. गिअर उलटा फिरवला. बारीक खटका लागला. मशीन गप्प. मी बाहेर काढायचं बटण दाबलं.

टीओसी लुकलुकू लागलं. म्हणजे लिहीत होतं. साहेब मेन स्विचपुढं पाठ करून उभे होते, दोन्ही हात पसरून, जणू कोणी धावत येऊन तो ओढणार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते चालू स्विचचं रक्षण करत होते.

दिवा विझला. डिस्क बाहेर आली.

मी ती पुन्हा घातली. काचेवर आलं: एक ट्रॅक. चालू केलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग साहेबांचा आवाज, “बाई, सुरू कर.” मग यशोदाबाई. बांधीच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत पोचेल असा आवाज, बारा बाय दहाच्या खोलीत कोंडलेला. मला आवाजातली खोली त्या दिवशीही कळली नाही. पण ठमकेची बायको पाटा सोडून दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या हाताची चटणी वाळली.

यशोदाबाई ऐकत होती. जिथं बायकांनी उचलायचं, तिथं तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहत राहिले.

शेवटचं गाणं संपलं. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट आणि भारदस्त आवाज: “...श्रीयुत उरकुडे यांच्यासारखे कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय...”

सगळे दचकले. बाईची गाणी डिस्कच्या अर्ध्याहून थोडी पुढं संपत होती. पलीकडची भाषणं, महिनाभर आधी पुसलेली, जशीच्या तशी होती. पुसताना तरी मशीननं काय केलं होतं? फक्त नोंद काढली होती. आता साऱ्या शेताची नोंद लागल्यावर चीफ इंजिनियरही उगवले.

“हे कोन बोंबलून राह्यलं?” यशोदाबाई कुजबुजली.

“माह्ये साहेब होते, बाई.”

“गानं येत नाई त्याले.”

साहेबांचा हात डेककडे गेला. त्यांना भाषणं पुसायची होती. मी त्यांचं मनगट धरलं. गिऱ्हाइकाचं मनगट मी त्याआधी आणि नंतर कधी धरलेलं नाही.

“राहू द्या,” मी म्हणालो. “आधी कॉपी.”

कॉपी मी सीडीवर करावी म्हणालो. ते मिनीडिस्कच म्हणाले. शेवटी दोन मिनीडिस्का झाल्या, माझ्या समाधानासाठी एक सीडी, आणि यशोदाबाईसाठी एक कॅसेट, कारण कुरखेड्याला तिच्या घरी टेप होता आणि तिला बाकीच्या वस्तूंबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पुढच्या रोवण्याला तो टेप धुऱ्यावर ठेवून बायकांनी गाणी उचलली, असं तिच्या भाच्यानं सांगितलं. कॅसेटमधून भाषणं मी वगळली होती. ती दोन गाणी राहिली ती राहिलीच.

उरकुडे साहेब मिनीडिस्क सोडून गेले नाहीत. कोऱ्या डिस्का मिळेनाशा झाल्यावर जुन्या पुसून वापरत राहिले, पण लाल खुणेची कधी नाही. डेकच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: आधी डिस्क काढा, मग आयसोलेट करा. प्लगची वायर खिळ्यालाच जात राहिली.

माझ्यापुरता धडा साधा होता. तोवर गिऱ्हाईक आलं की मी विचारायचो, काय बिघडलं? चालू होतं का? आवाज येतो का? त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो, “बंद कसं करता, ते करून दाखवा.” निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे वेड्यासारखी पाहतात. उरलेली करून दाखवतात, आणि मग मला पेचकस लागत नाही.